आतड्याचा कर्करोग आणि शरीराचे पहारेकरी

शौचावाटे रक्त गेलं, की 'मूळव्याध असेल' म्हणून आपण बायका दुखणं अंगावर काढतो. घरात सांगायची लाज वाटते, ती वेगळीच! पण मैत्रिणींनो, हेच लक्षण मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचेही असू शकते. म्हणून त्यावरच्या नव्या उपचारांची थोडी माहिती करून घेऊ या.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी. त्यांतल्या टी-पेशी बिघडलेल्या पेशी हुडकून मारतात. त्यांनी चांगल्या पेशींवरच धाड घालू नये, म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातला आहे. कर्करोग लबाड! तो हाच लगाम खेचून धरतो. लगाम सैल करण्याची वाट दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हे औषध सर्वांना लागू पडतं का? नाही. आतड्याच्या शंभर गाठींपैकी सुमारे पंधरा गाठींत पेशींची दुरुस्ती-यंत्रणा मोडलेली असते. चुका साठत जाऊन त्या पेशी परक्या दिसतात आणि पहारेकऱ्यांना ओळखू येतात. गुण येतो तो मुख्यतः अशा रुग्णांना. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २०२२ साली अशाच १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सहा महिने डोस्टारलिमॅब दिल्यावर बाराही जणांची गुदाशयातली गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, की किरणोपचार नाहीत!

बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी शास्त्रज्ञ नवी लक्ष्ये शोधताहेत. लॅग-३ आणि टिजिट हे आणखी दोन लगाम. शिवाय गाठीच्या पेशींवर सीईए नावाचे प्रथिन पुष्कळ असते. एका हाताने ते आणि दुसऱ्या हाताने टी-पेशी धरून दोघांची गाठ घालून देणारी औषधे तयार झाली आहेत. मात्र आतड्याच्या कर्करोगासाठी या साऱ्याच्या अजून चाचण्याच चालू आहेत. लगाम सैल झाल्याने थायरॉइड, आतडी, फुप्फुसे यांना इजाही होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

आपण काय करायचं?

• शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत बदल किंवा विनाकारण रक्तक्षय दिसला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

• गाठ निघालीच, तर तुकड्याची 'एमएमआर' तपासणी झाली का, हे जरूर विचारा.

• माहेरी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कुणाला झाला असेल, तर तेही सांगा. 'लिंच' नावाचा आनुवंशिक दोष दोन्हींच्या मुळाशी असू शकतो.