शेवटचं बिल

मी कॉन्व्हेंटमधली. मराठी लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाशी मारामारी. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण आमच्या घरी तो मराठीतच घडला.

गेल्या वर्षी माझे आजोबा गेले. वय 84. शेवटचे 11 दिवस आयसीयूत. डॉक्टरांनी बाबांना रात्री दोन वाजता विचारलं, "व्हेंटिलेटर लावायचा का?" बाबा म्हणाले, "सगळं करा." दुसरं काय म्हणणार? त्या 11 दिवसांचं बिल आजोबांच्या आधीच्या दहा वर्षांच्या औषधपाण्याहून जास्त झालं. बाबांनी एफडी मोडली. काका म्हणाले, "म्हातारपण महाग असतं गं."

खरंच वय महाग असतं का? मी वाचायला लागले.

एक्स-अक्षावर वय आणि वाय-अक्षावर उपचारांचा खर्च घेतला, तर ग्राफ चढत जातो. पण 1999 साली पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या विम्याची आकडेवारी तपासताना 'मृत्यू किती जवळ होता' हेही धरलं. मग 65 नंतर वयाचा परिणाम जवळजवळ उरलाच नाही! खर्च वाढत होता तो शेवट जवळ आल्यामुळे. ऐंशीच्या गटात शेवटच्या वर्षातली माणसं जास्त, म्हणून तिथली सरासरी चढते.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी विमा आहे. त्यातली साधारण 5 टक्के माणसं दरवर्षी जातात, पण शेवटच्या वर्षातल्या उपचारांवर एकूण खर्चाचा जवळपास पाव हिस्सा जातो.

मग हा खर्च कापून टाकायचा? इतकं सोपं नाही. 'शेवटचं वर्ष' हे मागे वळून पाहतानाच कळतं. आयसीयूतून बरे होऊन घरी येणारेही असतात. शिवाय सांभाळण्याचा खर्च, म्हणजे रात्रीची बाई, डायपर, वॉकर, हा मात्र वयाबरोबर वाढतोच, आणि आपल्याकडे तो बहुधा खिशातूनच जातो.

पण एक मार्ग आहे: पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा होवो न होवो, वेदना, धाप, भीती कमी करायची. 2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या पेशंटांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, तरी ते जास्त जगले: 8.9 ऐवजी 11.6 महिने. केरळात तर नर्स आणि गावातले स्वयंसेवक घरी जाऊन ही सेवा देतात.

आपली इच्छा आधी लिहूनही ठेवता येते. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली, आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

एफडीचं दुःख बाबांना नाही. "अण्णांना काय हवं होतं, ते कधी विचारलंच नाही," एवढंच ते म्हणतात.

दिवाळीत मी आजीला विचारलं. आधी म्हणाली, "सणासुदीचं काय बोलतेस!" जेवणं झाल्यावर स्वतःच जवळ येऊन बसली. "लिही. नळ्या नकोत. दुखू देऊ नका. खिडकीजवळची कॉट द्या."

मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा तुम्हीही विचारा. रात्री दोन वाजता विचारायला वेळ नसतो.