हिशेब भिंतीतल्या तारेचा

घरात नवा एसी बसतो, ओट्यावर इंडक्शन शेगडी येते आणि काही दिवसांतच एमसीबी वारंवार पडू लागतो. वायरमन येतो, १६ अँपिअरचा एमसीबी काढून त्या जागी ३२ चा बसवतो आणि तक्रार मिटते. चिनी मातीच्या फ्यूजचा जमाना होता तेव्हा हेच काम फ्यूजमध्ये तारेचे दोन पदर जास्त गुंडाळून होत असे. वीज जात नाही म्हणजे बिघाड दूर झाला, अशी दोन्ही वेळी समजूत असते. प्रत्यक्षात बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची सूचना देणारे साधन निकामी होते. एमसीबी हा एसीच्या किंवा शेगडीच्या रक्षणासाठी नसतो. तो भिंतीत गाडलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून घरातल्या विजेचा विचार उपकरणापासून नव्हे, तारेपासून सुरू करायला हवा. तारेची जाडी, तिच्या तोंडाशी बसवलेला एमसीबी आणि तिच्यावर जोडलेले पॉइंट या तीन गोष्टींचा हिशेब एकच असतो. त्यातली एक बदलली की उरलेल्या दोन पुन्हा तपासल्याशिवाय घर सुरक्षित म्हणता येत नाही.

या हिशेबाचा पाया जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडलेला नियम आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. दिवे-पंख्यांसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी दीडची तार घ्या, म्हणजे जिच्या तांब्याचे छेदक्षेत्र दीड चौरस मिलिमीटर आहे ती. तिच्या एक मीटर लांबीचा रोध साधारण ०.०१२ ओहम असतो. तिच्यातून १० अँपिअर प्रवाह गेला तर दर मीटरला सव्वा वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, २० अँपिअरला जवळजवळ पाच वॉट आणि ३० अँपिअरला अकरा वॉट. आकडे किरकोळ वाटतात. पण ही उष्णता पाइपमध्ये, प्लास्टरच्या आत कोंडलेली असते आणि तिथून ती फार सावकाश बाहेर पडते. तांब्याला याने काही होत नाही. त्रास होतो तो त्याच्यावरच्या पीव्हीसीच्या आवरणाला. साध्या पीव्हीसीची सततच्या वापरातली मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. ती ओलांडली की आवरण लगेच पेटत नाही, पण ते कडक होत जाते आणि त्याला तडे जातात. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. ‘मोठा एमसीबी बसवून वर्ष झाले, काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तारेचे नुकसान एका दिवसात दिसत नाही. ते साठत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी शॉर्ट सर्किटच्या रूपाने समोर येते. तोवर एमसीबी कधी बदलला होता, हे घरात कुणाच्या लक्षातही नसते.

मग कोणती तार किती प्रवाह पेलते? वेष्टनावर छापलेला एकच आकडा हे याचे पूर्ण उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या कोष्टकानुसार भिंतीतल्या पाइपमधून जाणारी अडीच चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तार २४ अँपिअर पेलते, पण भोवतालचे तापमान ३० अंश असेल आणि त्या पाइपमध्ये दुसरे सर्किट नसेल तरच. चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ४५ अंशांना तारेची क्षमता ०.७९ पटीवर येते. त्याच पाइपमधून आणखी दोन भरलेली सर्किटे जात असली, तर पुन्हा ०.७ ने गुणावे लागते. उत्तर येते १३.३ अँपिअर. म्हणजे कागदावर २४ ची असलेली तार विदर्भातल्या उन्हाळ्यात, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत १६ अँपिअरच्या एमसीबीलाही पुरी पडत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत, त्याच दुपारी सगळ्या खोल्यांतले एसी एकदम चालू असतात. पुण्यात निर्धोक चाललेले वायरिंग जसेच्या तसे अकोल्यात चालेलच, असे धरता येत नाही ते यासाठी. पाइपची बचत म्हणून एकाच पाइपमध्ये चार-पाच सर्किटांच्या तारा कोंबण्याची सवय किती महागात पडते, हेही या गुणाकारात दिसते.

आता एमसीबीच्या आत काय घडते ते पाहू. त्यात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी. प्रवाह वाढला की ती तापते, दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. ही यंत्रणा मुद्दाम संथ ठेवलेली असते, कारण थोडा वेळ थोडा जास्त भार तार सहन करू शकते. दुसरी यंत्रणा म्हणजे वेटोळे. शॉर्ट सर्किटमध्ये प्रवाह एकदम शेकडो अँपिअरवर जातो, तेव्हा वेटोळ्याचे चुंबकत्व क्षणार्धात खटका ओढते. संपर्क तुटताना उडणारी ठिणगी धातूच्या पातळ पट्ट्यांच्या चळतीत शिरते, तिचे तुकडे होतात, ती थंड होऊन विझते. घरगुती वापरात बहुधा ‘सी’ प्रकारचा एमसीबी असतो. त्याचे वेटोळे नेमून दिलेल्या प्रवाहाच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान काम करते. संथ यंत्रणेचे प्रमाण त्याहून महत्त्वाचे आहे. मानकानुसार नेमून दिलेल्या प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाहाला एमसीबीने तासभर तरी पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत पडलेच पाहिजे. अडीचच्या तारेवर ३२ चा एमसीबी बसवला, तर ३६ अँपिअर प्रवाह तासभर निर्वेध वाहू शकतो. २४ अँपिअरच्या मानाने ही उष्णता सव्वादोनपट होते आणि तारेचे तापमान ७० ची मर्यादा मागे टाकून शंभरीपार जाते. ही सगळी वाटचाल एमसीबीच्या लेखी नियमात बसणारी असते. एमसीबीने आपले काम चोख केलेले असते. त्याला काम चुकीचे नेमून दिलेले असते.

एमसीबी वाढवायचा नाही, तर वाढलेल्या भाराचे करायचे काय? उत्तर सर्किटांच्या विभागणीत आहे. आपल्याकडे रेडियल पद्धत रूढ आहे. डीबीमधून, म्हणजे एमसीबींच्या पेटीतून, प्रत्येक सर्किट निघते, आपापल्या पॉइंटना वीज देते आणि शेवटच्या पॉइंटवर संपते. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॉटच्या पुढे जाऊ नये, ही आपल्या वायरिंग संहितेतली जुनी शिफारस आहे. मोठ्या पिनच्या १६ अँपिअर सॉकेटसाठी तर एका सर्किटवर एक किंवा फार तर दोनच सॉकेट अपेक्षित असतात. आता एका स्वयंपाकघराची बेरीज करू: इंडक्शन २००० वॉट, विजेची किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. एकूण ५४५० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २४ अँपिअर. ही सगळी उपकरणे ओट्यावरच्या एकाच सर्किटवर असतील, तर सकाळच्या घाईत एमसीबी पडणे हा दोष नाही. तो अचूक निदान सांगतो आहे. या ओट्याला दोन स्वतंत्र सर्किटे हवीत. गीझर आणि प्रत्येक एसीसाठीही आपापली तार हवी, बहुधा चारची, आणि लांब अंतर असेल तर त्याहून जाड.

इथे एक आक्षेप जाणकारांकडून येतो. ब्रिटनमध्ये अडीचच्याच तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवतात आणि तिथली घरे सुरक्षित आहेत, मग आपल्याकडे ते चूक का? उत्तर सर्किटच्या रचनेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीत तांब्याची टंचाई होती, तेव्हा ब्रिटनने रिंग सर्किट स्वीकारले. त्यात तार डीबीतून निघून सगळ्या सॉकेटना स्पर्श करत परत डीबीतच येते. प्रत्येक सॉकेटला दोन बाजूंनी वीज मिळते, प्रवाह दोन वाटांत विभागला जातो, म्हणून बारीक तार पुरते. त्याच्या जोडीला १९४७ च्या मानकाने आलेल्या प्रत्येक तीन पिनच्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, तो उपकरणाच्या वायरचे रक्षण करतो. आपली ६ आणि १६ अँपिअरची गोल पिनांची सॉकेट ही त्याआधीच्या ब्रिटिश पद्धतीची वारस आहेत. त्या प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि आपली तार परत फिरून येत नाही. शिवाय रिंगलाही स्वतःचा धोका आहे. रिंग एका जागी तुटली तरी सगळी सॉकेट चालूच राहतात, कुणाला कळत नाही आणि सगळा भार एकाच वाटेवर पडतो. म्हणून तिथे रिंगची सलगता मोजून तपासावी लागते. तेव्हा ब्रिटनचे उदाहरण मोठ्या एमसीबीच्या बाजूने जात नाही. एमसीबीचा आकडा सर्किटच्या रचनेपासून वेगळा काढता येत नाही, हेच ते सिद्ध करते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. सगळीकडे जाड तार टाकली की प्रश्न मिटला, थोडा खर्च वाढेल एवढेच. याने अर्धाच प्रश्न सुटतो. तार जाड झाली म्हणून एमसीबीही मोठा झाला, तर पुढच्या बारीक तारा उघड्या पडतात. बाजारातल्या अनेक स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची असते आणि तिची कुवत सहा अँपिअरच्या आसपास. १६ च्या सर्किटवर ती लावून त्यावर इस्त्री आणि हीटर एकदम चालवला, तर वायर तापत राहते आणि एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. उपाय जास्त जाड तार हा नाही. उपाय आहे जास्त सर्किटे आणि भिंतीवर पुरेसे पॉइंट, म्हणजे एक्स्टेन्शनची गरजच उरणार नाही.

तिसरी समजूत जाहिरातींनी पक्की केली आहे: तार एफआर किंवा एफआरएलएस असेल तर आगीची चिंता नको. या तारा नक्कीच चांगल्या आहेत. एफआर तार आग पसरू देत नाही, एफआरएलएस धूरही कमी सोडते. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरिन असतो. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो, म्हणून गर्दीच्या इमारतींत हॅलोजनविरहित आवरणाच्या तारा वापराव्यात हे योग्यच. पण हे सगळे गुण आग लागल्यानंतरचे आहेत. तार तापू नये यासाठी आवरण काहीच करत नाही. ते काम जाडीचे आणि एमसीबीचे आहे.

या हिशेबाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. सैल जोड ही त्यातली सर्वांत मोठी. स्विचच्या मागे एखादा स्क्रू ढिला राहिला आणि तिथे अवघा दशांश ओहम रोध तयार झाला, तर १६ अँपिअरला त्या एका बिंदूवर २५ वॉट उष्णता निर्माण होते. प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या दरम्यान लाखो घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग झाले आणि जोडांपाशी ते तापू लागले. ॲल्युमिनियमवर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर जमतो आणि स्क्रूखाली तो धातू हळूहळू दबत जातो. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पाहणीत अशा घरांतले जोड धोकादायक अवस्थेला जाण्याची शक्यता तांब्याच्या तुलनेत ५५ पट आढळली. आपल्याकडच्या जुन्या इमारतींतही ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, त्या आधी तपासायला हव्यात. दुसरी मर्यादा माणसाची. शॉक लागताना शरीरातून जाणारे काही डझन मिलिअँपिअर जीव घेऊ शकतात, तर एमसीबी अँपिअरमध्ये मोजतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखणारा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. ही साधने तारेच्या हिशेबाला पूरक आहेत. त्याच्याऐवजी चालणारी नाहीत.

खर्चाचा मुद्दा उरतो. फ्लॅटच्या किमतीत वायरिंगचा वाटा लहान असतो, पण टाइल्स आणि मॉड्युलर ओट्यावर जेवढी चर्चा होते तिच्या शतांशही चर्चा तारांवर होत नाही. फरशी दिसते, तार दिसत नाही. भिंत बंद होण्यापूर्वी एक जादा सर्किट टाकणे स्वस्त आहे. नंतर भिंत फोडून ते टाकणे अनेक पटींनी महाग आणि आगीनंतर तर त्याची किंमत मोजताच येत नाही. म्हणून घर ताब्यात घेताना किंवा वायरिंग नव्याने करताना परवानाधारक ठेकेदाराकडून एक कागद मागून घ्यावा. डीबीतला प्रत्येक एमसीबी किती अँपिअरचा, त्यावर किती चौरस मिलिमीटरची तार आणि ती कुठल्या पॉइंटना जाते, याचा तक्ता त्यावर हवा आणि त्याची प्रत डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवलेली हवी. तो तक्ता समोर असेल, तर १६ च्या जागी ३२ बसवायला निघालेल्या हाताला कारण द्यावे लागेल. गृहनिर्माण सोसायट्यांनी लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीइतकीच ही अट सक्तीची करावी. एमसीबी पडला की तो बदलण्याआधी त्याच्यामागची तार आणि तिच्यावरचा भार मोजायचा, एवढा नियम प्रत्येक घराने पाळला तरी शॉर्ट सर्किट म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या कितीतरी आगी मुळातच टळतील.