आकड्याला आडनाव हवंच!

एक गॅलन म्हणजे किती? जबलपूरच्या घमापूर भागातल्या एखाद्या मराठी घरात हा प्रश्न विचारून पाहा. उमेदीच्या काळात कारखान्यात नोकरी केलेले आजोबा चटकन सांगतील, ‘साडेचार लिटर!’ अमेरिकेतून फोनवर बोलणारा नातू म्हणेल, ‘छे हो आजोबा, पावणेचार!’ गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

आजोबांचा गॅलन ब्रिटिश. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली, इंग्रजांच्या राज्यात सुरू झाली. फूट, इंच, पौंड, गॅलन हीच त्या काळातल्या कारखान्यांची भाषा. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि १९६२ पासून ते सक्तीचे झाले. पण जुन्या मंडळींच्या तोंडून गॅलन काही गेला नाही. हा गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकेचा गॅलन मात्र ३.७८५ लिटरचाच. पौंड दोन्हीकडे सारखा, म्हणजे ४५३.६ ग्रॅम. त्यामुळे ब्रिटिश गॅलनभर पाण्याचं वजन भरतं १० पौंड आणि अमेरिकन गॅलनभर पाण्याचं सुमारे ८.३४ पौंड. पाणी तेच, पौंडही तोच. आकडे मात्र दोन!

पायलीभर पोहे, पायलीभर तांदूळ

पूर्वी आपल्याकडे धान्य पायलीनं, शेरानं, चिपट्यानं मापून द्यायचे. पायली म्हणजे भांडं. त्यात किती मावतं एवढंच ते सांगतं. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर पोहे तराजूत घातले तर पारडी समान राहतील का? ठरावीक जागेत किती वजन मावतं, याचंच शास्त्रीय नाव घनता.

आपल्याकडे घनता सांगतात ती घनसेंटिमीटरला किती ग्रॅम किंवा लिटरला किती किलो अशी. अमेरिकेत घनफुटाला किती पौंड किंवा गॅलनला किती पौंड, असा हिशेब चालतो. एका घनफुटात २८,३१७ घनसेंटिमीटर असतात. साध्या पाण्याचं वजन घनसेंटिमीटरला १ ग्रॅम धरलं, तर एक घनफूट पाणी झालं २८,३१७ ग्रॅमचं. त्याला ४५३.६ ने भागा. उत्तर येतं ६२.४ पौंड. हाच तो रूपांतराचा आकडा! संगमरवराची घनता साधारण २.७ धरली, तर भेडाघाटला डोळे दिपवणाऱ्या त्या दगडाचा एक घनफुटाचा ठोकळा झाला २.७ गुणिले ६२.४, म्हणजे सुमारे १६८ पौंडांचा. दोन माणसांनी उचलायचा म्हटलं तरी घाम फुटेल!

आकाशात इंधन संपलं...

इथे गल्लत झाली तर काय होतं? २३ जुलै १९८३ चा कॅनडातला प्रसंग पाहा. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमानात ६९ माणसं. या कंपनीची इतर विमानं पौंडाच्या हिशेबाची. हे नवं मॉडेल मात्र किलोचं. त्यातच इंधन दाखवणारे काटे बंद पडलेले. म्हणून टाक्यांमधलं इंधन मोजपट्टीने मोजलं. ते भरलं ७,६८२ लिटर. प्रवासासाठी हवं होतं २२,३०० किलो.

आता लिटरचे किलो करायला घनता हवी. कागदावर आकडा होता १.७७. तोच धरला. पण १.७७ हे लिटरला पौंड होते! लिटरला किलो हवे असतील, तर आकडा होता ०.८०३. दोन्ही आकडे खरे, दोन्ही एकाच इंधनाचे. फक्त आडनाव वेगळं. टाक्यांमध्ये सुमारे ६,१७० किलो इंधन असताना हिशेबात ते १३,५९७ किलो दिसलं. भरायला हवं होतं २० हजार लिटर. भरलं पाच हजारांहूनही कमी.

४१ हजार फुटांवर विमान उडत असताना धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. कॅप्टन बॉब पीअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अजस्र विमान तरंगत तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती चालत. सगळे वाचले!

केकचा दगड का होतो?

विमानाची गोष्ट राहू द्या, आपल्या ओट्यावर या. समजा, अमेरिकेतल्या लेकीनं घमापूरला आईला केकची कृती पाठवली : दोन कप मैदा. तिथला कप साधारण २३७ मिलिलिटरचा. आईनं ‘मिलिलिटर म्हणजेच ग्रॅम’ असं मानून ४७४ ग्रॅम मैदा तोलला. झालं! केकचा दगड. कारण मिलिलिटरला एक ग्रॅम हा हिशेब पाण्याचा. मैदा हलका, त्याचा कप भरतो १२० ते १२५ ग्रॅम. साखरेचा सुमारे २००, लोण्याचा सुमारे २२७. म्हणून ‘एक कप म्हणजे किती ग्रॅम?’ याला ‘कशाचा?’ हेच पहिलं उत्तर.

तेलाची पिशवी पाहा. एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा असतो. तेल पाण्यापेक्षा हलकं. शिवाय तापलं की फुगतं, मग लिटरमागे वजन आणखी घटतं. काही कंपन्या चढं तापमान छापून लिटर सांगत, म्हणून २०२२ साली केंद्र सरकारने खाद्यतेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता लिटर आणि वजन दोन्ही छापायला सांगितलं. तेव्हा तेल घेताना लिटरबरोबर ग्रॅमही वाचा. भावाची तुलना ग्रॅमवरच करा.

चौकट : कापून ठेवा

• ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर × ६२.४ = पौंड प्रति घनफूट
• किलो प्रति लिटर × ८.३४५ = पौंड प्रति अमेरिकन गॅलन
• किलो प्रति लिटर × १०.०२ = पौंड प्रति ब्रिटिश गॅलन
• उलट करायचं असेल तर त्याच आकड्याने भागा.

पडताळा सोपा आहे. पाण्याचा आकडा आधी घालून पाहा : १, ६२.४ किंवा ८.३४. तेलाचं उत्तर त्याहून थोडं कमी यायला हवं, दुधाचं किंचित जास्त, दगडाचं दुपटीहून अधिक. तसं आलं नाही, तर पुढे जाऊ नका. कुठल्या तरी आकड्याचं आडनाव चुकलं आहे!