मनगटाला हिशेब हवा

जून उजाडला की शाळा भरतात आणि पावसाळ्यातच शालेय क्रीडास्पर्धांच्या तारखा येऊन थडकतात. जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढण. परभणी जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठीही जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब आणि योगासनांची वाट तिथूनच जाते आणि तिचा पहिला टप्पा असतो 14 वर्षांखालील गटाचा. उन्हाळाभर फारसा सराव न झालेले मूल स्पर्धा तोंडावर आली की रोज सकाळ-संध्याकाळ तळव्यांवर अंग तोलू लागते. थोड्याच दिवसांत कुणाचे तरी मनगट दुखते. मग बाम चोळायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचे आणि ‘सवय झाली की थांबेल’ म्हणून पुन्हा मॅटवर उतरवायचे, हा ठरलेला उपचार. पण वाढत्या वयातल्या जिम्नॅस्टचे मनगट सहसा सवय नसल्यामुळे दुखत नाही. त्याच्यावर किती भार पडला, याची मोजदाद कुणी न ठेवल्यामुळे दुखते. म्हणून या दुखण्यावरचा पहिला इलाज दवाखान्यात नव्हे, तर प्रशिक्षकाच्या वहीत असतो.

हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. तळवा टेकवून उभे राहिल्यावर मनगटातून जाणाऱ्या भारापैकी सुमारे 80 टक्के एकट्या रेडियसवर येतो. मुलांच्या या हाडाच्या मनगटाकडच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. रेडियसची तीन चतुर्थांशांहून अधिक वाढ याच चकतीतून होते. ज्वारीचे धाट पेराजवळ कोवळे असते आणि वाढते तिथेच, पण मोडतेही तिथेच. या चकतीचे तसेच आहे. ती मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाव्या आणि मुलग्यांमध्ये सतरा-अठराव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. तोवर आजूबाजूचे हाड आणि स्नायुबंध तिच्यापेक्षा दणकट असतात, त्यामुळे ताणाचा पहिला फटका तिलाच बसतो. माणसाचा हात मुळात धरण्यासाठी आणि उचलण्यासाठी घडलेला. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र त्याला पायाचे काम करावे लागते. नुसत्या हँडस्टँडमध्ये अख्खे शरीर दोन मनगटांवर असते. बॅक हँडस्प्रिंग किंवा व्हॉल्टमध्ये तळवे जोराने आपटतात तेव्हा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि तोही मनगट मागे पूर्ण वळलेले असताना. मल्लखांबावर पकडीचे काम जास्त असले तरी त्याच्या तयारीतले दंड, हातांवरचे तोल आणि कोलांट्या याच सांध्यावर येतात. योगासनांतले मयूरासन आणि हातांवर तोलायची इतर आसनेही तशीच.

हे दुखणे वेळेत ओळखल्याने काय फरक पडतो, हे चार दशकांपूर्वीच दिसून आले आहे. 1985 मध्ये रॉय, केन आणि सिंगर या संशोधकांनी मनगट दुखणाऱ्या 21 तरुण जिम्नॅस्टची पाहणी अमेरिकी क्रीडावैद्यक नियतकालिकात मांडली. त्यांपैकी 11 जणांच्या एक्स-रेमध्ये ग्रोथ प्लेट रुंदावल्याच्या आणि तिच्या कडा अस्पष्ट झाल्याच्या खुणा होत्या. त्यांना बरे व्हायला किमान तीन महिने लागले. उरलेल्या दहा जणांची तक्रार तीच होती, पण एक्स-रे स्वच्छ होता. ते सरासरी चार आठवड्यांत बरे झाले. एका महिन्यात सुटणारा प्रश्न दुर्लक्षामुळे तिमाहीवर जातो, एवढाच याचा अर्थ नाही. चकती बराच काळ दबून राहिली तर रेडियसची वाढ वेळेआधी थांबू शकते, अल्ना मात्र वाढतच राहते. ती जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे आली तरी तिच्या वाट्याचा भार 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या वर जातो, असे मृतदेहांच्या हातांवरील प्रयोगांत मोजले गेले आहे. मग करंगळीच्या बाजूची कूर्चेची गादी घासू लागते, फाटते, आणि खेळ सुटल्यावरही मनगट कुरकुरत राहते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे सगळे आठवड्याला तीस-तीस तास घाम गाळणाऱ्या परदेशी खेळाडूंचे दुखणे आहे. आपल्याकडची मुले शाळा सुटल्यावर तास-दीड तास खेळतात, त्यांना काय होणार? पण अमेरिकेत जॉन डिफिओरी आणि सहकाऱ्यांनी तपासलेली मुले ऑलिंपिकच्या वाटेवरची नव्हती, सर्वसाधारण क्लबांत खेळणारी होती. तरीही त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचे मनगट दुखत होते. दुखण्याचे प्रमाण 10 ते 14 या वयात अधिक दिसले, म्हणजे नेमक्या आपल्या पहिल्या शालेय गटात. हेच वय उंची झपाट्याने वाढण्याचे आहे. हाड लांबते, वजन चढते आणि चकती सर्वांत नाजूक अवस्थेत असते. कमी तासांचा सराव सुरक्षित असतो हे खरे, पण तो वर्षभर सारखा पसरलेला असेल तरच. दहा महिने थोडे आणि दोन महिने भरमसाट, अशा सरावात वर्षाची बेरीज लहान दिसते, पण हाडाला सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून वही. तीत तास लिहून भागत नाही, कारण तासभर पायांचा आणि लवचिकतेचा सराव झाला तर मनगटावर काहीच येत नाही. लिहायचे ते हातावर पडलेले भार: आज हँडस्टँड किती, कार्टव्हील किती, हँडस्प्रिंग किती. दर आठवड्याची बेरीज आधीच्या आठवड्यापेक्षा थोडीच वाढू द्यायची. दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, हा प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला ढोबळ नियम सुरुवातीला पुरेसा आहे. हातावर जोराचे काम एक दिवसाआड ठेवायचे. भिंतीवर पेन्सिलीने दर महिन्याला उंचीची खूण करायची आणि खुणा भरभर वर सरकू लागल्या की त्या महिन्यात नवा उड्डाणप्रकार शिकवायचा नाही. उघड्या फरशीवर किंवा कडक मैदानावर हँडस्प्रिंग करवून घ्यायचा नाही. मॅट नसेल तर त्या दिवशी पायांचा सराव घ्यायचा. खांदे आखडलेले असतील तर सगळा बाक मनगटातून निघतो, म्हणून खांदे मोकळे करण्याला रोजची दहा मिनिटे द्यायची. पंजा आणि बाहू मजबूत करायला महागडे साहित्य लागत नाही. घमेलेभर ज्वारीत मनगटापर्यंत हात खुपसून मूठ उघडायची-मिटायची, बोटे फाकवायची, मनगट दोन्ही बाजूंना फिरवायचे. दिवसाला पाच-सात मिनिटे पुरतात.

त्याच वहीत आणखी एक रकाना हवा, दुखण्याचा. सरावाआधी मुलाला खुर्चीवर बसवून दोन्ही तळवे खुर्चीच्या कडांवर टेकवायला लावायचे आणि अंग जरासे उचलायला सांगायचे. दुखते का, कुठल्या बाजूला, कालच्यापेक्षा जास्त की कमी, एवढेच लिहायचे. मग मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, घडीच्या किंचित वर बोटाने दाबून पाहायचे. तिथे नेमके एका ठिकाणी दुखत असेल आणि दुसऱ्या हाताला तसे होत नसेल तर ते नुसते अंग मोडून येणे नव्हे. स्नायू दुखतात ते पसरट, आणि दोन दिवसांत विरतात. चकतीचे दुखणे तळवा टेकवला की येते, उचलला की जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच भेटते. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाजवळच्या खळगीत दुखत असेल, मनगट सुजले असेल किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. आणि ‘एक्स-रे साफ आहे’ हे परवानगीपत्र समजू नये. वर सांगितलेल्या पाहणीतले दहा जण साफ एक्स-रेवालेच होते. ते लवकर बरे झाले, कारण त्यांचा आजार मूळ धरण्याआधीच थांबला होता.

दुसरा आक्षेप जुना आणि जास्त बळकट आहे: दुखल्याशिवाय शरीर घडत नाही, आणि मुलगी महिनाभर बसली तर मागे पडते. पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे. हाड आणि स्नायू भाराने घडतात, म्हणूनच लहानपणी अजिबात न खेळणे हा उपाय नव्हे. पण भार आणि विसावा या दोहोंनी मिळून ते घडतात. विसावा काढून टाकला की उरते ती झीज. दुसऱ्या अर्ध्यात गफलत आहे. थांबवायचे असते ते मनगट, मुलगी नव्हे. उड्या, फिरक्या, तोलकाठीवरच्या चाली, स्प्लिट, पोटाचा आणि पाठीचा जोर, संगीतावरच्या संरचनेची तालीम हे सगळे तळवा न टेकता होते. त्या महिन्यात पाय सुधारून आलेली खेळाडू मागे पडलेली नसते. परतताना मात्र ओळीने यावे: आधी भिंतीला तळवे टेकून, मग गुडघ्यांवर वाकून, मग हँडस्टँड आणि सर्वांत शेवटी हँडस्प्रिंग, प्रत्येक पायरीवर वेदना नसेल तरच पुढची. मनगट मागे फार वळू न देणारे पट्टे काहींना उपयोगी पडतात, पण दुखणे झाकून सराव चालू ठेवण्यासाठी ते बांधले तर नुकसानच करतात. वेदनाशामक गोळी देऊन स्पर्धेत उतरवण्याचेही तेच.

तिसरा मुद्दा कुणी मोठ्याने बोलत नाही, पण घरोघरी असतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. परभणीसारख्या शेतीवर उभ्या असलेल्या जिल्ह्यात आईवडिलांनी त्यावर डोळा ठेवला तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत. मात्र हाच हिशेब शेवटपर्यंत मांडून पाहावा. वाढीव गुण आणि नोकरीचा उपयोग करून देणाऱ्या स्पर्धा बहुतांशी 17 आणि 19 वर्षांखालच्या आणि त्याही पुढच्या आहेत. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने 1997 पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय 16 केले, त्यामागेही लहान शरीरांना जपण्याचाच विचार होता. बाराव्या वर्षीच्या पदकासाठी मनगट पणाला लावणे म्हणजे सतराव्या वर्षीची संधी आधीच खर्चून टाकणे. शाळांनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने स्पर्धेच्या प्रवेशअर्जाबरोबर तीन महिन्यांच्या सरावाची नोंदवही मागितली, तर एक रुपयाही न खर्चता बरीच मनगटे वाचतील. तोवर आईवडिलांनी एवढे करावे: सलग तीन दिवस एकाच जागी दुखत असेल तर त्या आठवड्यात तळवा टेकवायचा नाही, आणि हा निर्णय स्पर्धेच्या तारखेकडे न पाहता घ्यायचा.