डोक्यावर पदर घेऊन लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण ‘लावणीसम्राज्ञी’ कशा झाल्या?

हिंगोलीत लग्नाची वरात निघाली की बँडवाला कधीतरी ‘सोळावं वरीस धोक्याचं’ वाजवतोच. नाचणाऱ्या निम्म्या पोरांना ठाऊक नसतं की हे गाणं १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ सिनेमातलं आहे. या सिनेमाची नायिका जयश्री गडकर. गाण्याचा आवाज मात्र सुलोचना चव्हाण यांचा.

या बाई स्टेजवर कशा गायच्या? नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. हातवारे नाहीत, डोळा मारणं नाही. आणि तरी समोरून शिट्ट्या.

जन्म १३ मार्च १९३३ चा, मुंबईच्या गिरगावातला. माहेरचं नाव कदम. गाण्याची रीतसर तालीम कधीच झाली नाही, कान ग्रामोफोनवर तयार झाला. लहानपणी लावणी गुणगुणली की आई चिडायची. पुढे सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी सिनेमांतही भरपूर गायलं. १९५१ च्या ‘ढोलक’मधली त्यांची गाणी जुन्या गाण्यांचे शौकीन आजही शोधून ऐकतात.

त्याच सुमाराला आचार्य अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’त हंसा वाडकरांसाठी त्यांनी पहिली लावणी गायली. ‘लावणीसम्राज्ञी’ हे बिरुद अत्र्यांनीच दिलं. १९५३ मध्ये दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं. शब्द कसा फेकायचा, कुठे अडवायचा, हे त्यांना नवऱ्याने शिकवलं. मग १९६२ मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’ आला. जगदीश खेबूडकरांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत आणि ती लवंगी मिरची!

यात खरी गोम आहे ती अदेची. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ पुन्हापुन्हा घेते आणि दरवेळी अदा बदलून तिचा अर्थ बदलते. तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर डोळे, हात काहीच दिसत नाही. सुलोचनाबाईंनी ती सगळी अदा आवाजात आणली. एखाद्या अक्षराला दिलेला हलका झटका, मध्येच तोडलेला श्वास, ढोलकीच्या थापेवर नेमका आपटलेला शब्द. डोळे मिटून ऐकलं तरी बाई समोर उभी राहते.

त्यामुळे ज्या घरातल्या बायकांना तमाशाच्या फडाकडे फिरकायचीही परवानगी नव्हती, त्या घरात रेडिओवरून लावणी शिरली. आवाज घरंदाज बाईचा, मग हरकत कोण घेणार?

पण हा मान आवाजाला मिळाला. ज्यांच्या फडातून लावणी आली, त्या बायकांच्या वाट्याला तो सहज आला नाही. बैठकीची लावणी जपणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या वारल्या.

तसं पाहिलं तर सुलोचनाबाईंनाही सरकारने ताटकळतच ठेवलं. त्यांना पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला, ८९ व्या वर्षी, त्या गेल्या.