गिधाडे सोडली, पुढे काय?

गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्याच वेळात आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. विदर्भातील बहुतेक शाळकरी मुलांना हे दृश्य आज ऐकूनच ठाऊक आहे. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसावाटे गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. परंतु वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची तूट केवळ बंदीने भरून निघत नाही.

म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढलेली दहा गिधाडे चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबातील बोटेझरी येथे आणण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, अंगावर उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बसवून ती मुक्त करण्यात आली. त्यांतील काही दगावली. एकाने तर अनेक राज्ये ओलांडून तामिळनाडू गाठले. तेवढ्यावरून प्रयोग फसला असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. आयत्या मांसावर वाढलेल्या पक्ष्याला रानात अन्न शोधणे शिकावे लागते, आणि या शिक्षणाची किंमत काहींना मोजावी लागते.

खरा प्रश्न सोडल्यानंतरच्या देखरेखीचा आहे. यंत्र पक्षी कोठे आहे ते सांगते. तो तेथे का थांबला, हे सांगत नाही. पोट भरून बसलेले गिधाड आणि आजारी गिधाड नकाशावर सारखेच दिसते. तेथवर पायी जाणारा माणूसच तो भेद जाणू शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडॉर हे गिधाड १९९२ पासून पुन्हा रानात सोडले जात आहे. तरीही ते पक्षी वेळोवेळी पकडून त्यांच्या रक्तात शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे उतरले आहे का, हे आजही तपासले जाते.

गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित मृत जनावरे टाकण्याच्या जागा राखल्या. हे स्तुत्यच, पण शेकडो कोस उडणाऱ्या पक्ष्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गोठ्यात वापरले जाऊ नये म्हणून २०१५ साली त्याच्या मोठ्या कुप्यांवर बंदी आली. ती पाळली जाते का, मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध गोपालकाच्या हाती पोहोचते का, हे पाहणेही देखरेखच होय. मेलेल्या प्रत्येक गिधाडाच्या शवविच्छेदनाचा निष्कर्ष लोकांपुढे आला पाहिजे. पिंजऱ्याचे दार उघडण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. हिशेबाची वही मात्र वर्षानुवर्षे लिहावी लागते.