सभेत गाव, प्रोसिडिंग बुक कुणाकडे?

लोकांना बैठकीला बोलावलं की निर्णय लोकांचा झाला, असं अधिकारी मानतात, कार्यकर्तेही मानतात. मेळघाटातली वस्तुस्थिती वेगळी आहे.

1990 नंतर संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या. गावकरी आणि वनखातं खांद्याला खांदा लावून, असा गाजावाजा झाला. पण सचिव वनखात्याचा कर्मचारी. प्रोसिडिंग बुक आणि नकाशा त्याच्याकडे, गावाकडे राखण आणि अंगठा! 2006 च्या वनहक्क कायद्यात वनहक्क समिती ग्रामसभा निवडते, आणि अध्यक्ष-सचिव कोण हे ती समितीच ठरवते.

हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण तसा नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला 2012 मध्ये सुमारे 193 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेल्या त्या जमिनीवर या कोरकू गावाने झाडं लावली, चराई-तोडीचे नियम स्वतः केले आणि सीताफळं स्वतःच्या ब्रँडखाली थेट मुंबईपर्यंत विकली. 2014 मध्ये गावाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. माणसं तीच होती. ठराव कुणी लिहायचा, एवढंच पालटलं होतं.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत, सरपंचाची सही पुरे, हा आणखी एक पक्का गैरसमज. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या सभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया.

‘संमती दिली, म्हणजे लोक राजी होते’ हे तर सर्रास ऐकू येतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली काही गावं उठून अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याकडे वसली. कुटुंबामागे 10 लाखांचं पॅकेज होतं (2021 पासून 15 लाख). वनहक्क कायद्याला यासाठी ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती लागते. शिवाय नव्या जागी कबूल केलेली जमीन आणि सोयी पूर्ण झाल्याशिवाय गाव हलवता येत नाही. तरीही कबूल केलेलं मिळालं नाही म्हणत काही कुटुंबं जंगलात परतली आणि जानेवारी 2019 मध्ये वनकर्मचारी व गावकऱ्यांत संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

वनहक्काच्या दाव्याचा अखेरचा निकाल आजही कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीच्या हातात आहे. पण कारण न देता दावा फेटाळणं कुठल्याही समितीला नियमात बसत नाही. तिच्या खालच्या उपविभागीय समितीने नकार दिला, तर कारण लेखी मागून घ्या आणि 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करा.